बोटभर कड: दिव्यांगांसाठी रस्ता कसा सुधारायचा, टप्प्याटप्प्याने

उतार नवाकोरा होता. सिमेंट अजून फिकट दिसत होतं, कडेला पिवळा पट्टाही ओढलेला. माझा मित्र स्वतःच्या हातांनी व्हीलचेअर रेटत झेब्रा क्रॉसिंग पार करून उताराच्या तोंडाशी आला आणि खुर्ची जागच्या जागी थबकली. पुढची दोन छोटी चाकं उतार सुरू होतो तिथल्या कडेला अडली होती. कड जेमतेम दोन सेंटीमीटरची. मी रोज बूट घालून तिच्यावरून जात होतो, मला ती कधी जाणवलीच नव्हती. मागे सिग्नल सुटला, गाड्या निघाल्या. त्याने खुर्ची थोडी मागे घेतली, अंग मागे झोकून पुढची चाकं उचलली आणि सगळा जोर लावून वर आला. दम खात म्हणाला, "एवढा उतार बांधला आणि बोटभर कडेनं अडवलं."

त्या दिवसापासून मी रस्त्याचे सांधे बघायला लागलो. फूटपाथ रस्त्याला मिळतो तिथे, क्रॉसिंग दुभाजकातून जातं तिथे, फूटपाथ एखाद्या इमारतीच्या गेटसमोरून जातो तिथे, थांबा बसला भिडतो तिथे. वाट तुटते ती बहुतेक इथेच. किलोमीटरभर वाटेत ९९० मीटर उत्तम असतील आणि एका ठिकाणी खांब आडवा असेल, तर व्हीलचेअरवरच्या माणसासाठी ती वाट बंदच असते. म्हणून शहरभर सुटे सुटे उतार बांधण्यापेक्षा एक वाट टोकापासून टोकापर्यंत पूर्ण करावी आणि मग पुढच्या वाटेकडे वळावं, असं माझं ठाम मत आहे. खालचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. तुम्ही रहिवासी असा, स्थानिक प्रशासनातले अभियंता असा किंवा एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते, यातले बहुतेक टप्पे तुम्हाला उचलता येतील.

टप्पा १: एक वाट निवडा

पाचशे मीटर ते एक किलोमीटर पुरे. तिच्या एका टोकाला घरं असावीत आणि दुसऱ्या टोकाला लोकांना जावंच लागतं असं ठिकाण: दवाखाना, शाळा, बसथांबा, सरकारी कचेरी.

वाट निवडताना एक चूक हमखास होते. रस्त्यावर उभं राहून माणसं मोजली जातात आणि मग सांगितलं जातं, "इथे व्हीलचेअर कोणी वापरतच नाही, दिवसभरात एकही दिसली नाही." जिथून जाताच येत नाही तिथे ती दिसणार कशी? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १.३ अब्ज लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांमागे एक. ही माणसं तुमच्या वस्तीतही आहेत, फक्त घरात अडकलेली असू शकतात. तेव्हा रस्त्यावर मोजण्याऐवजी घरोघरी विचारा: कुठे जायचं असतं आणि जाता येत नाही? उत्तरांत जे ठिकाण वारंवार येईल, तिथली वाट धरा.

टप्पा २: ज्यांची वाट आहे त्यांच्याबरोबर चाला

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांविषयीचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी मंजूर झाला आणि ३ मे २००८ पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमात सुगम्यतेच्या, म्हणजे सगळ्यांना पोचता आणि वापरता यायला हवं अशा गोष्टींच्या यादीत रस्ते स्पष्टपणे येतात आणि चौथ्या कलमात निर्णय घेताना दिव्यांगांचा सल्ला आणि सहभाग घेण्याचं बंधन आहे. पाहणीला सगळी धडधाकट माणसंच गेली, तर काय राहून जातं हे त्या बोटभर कडेने मला दाखवलं.

तुमच्या गटात हाताने व्हीलचेअर चालवणारी एक व्यक्ती, पांढरी काठी वापरणारी एक, अंधूक दिसणारी एक, कुबड्या किंवा काठी घेऊन चालणारी एक, एक कर्णबधिर आणि शक्य असेल तर बौद्धिक अक्षमता असलेली एक व्यक्ती असावी. मोटरवर चालणाऱ्या खुर्चीला जो चढ सहज जमतो तो हाताच्या खुर्चीला जमत नाही. पूर्ण अंध माणसाला फिकट रंगाच्या खांबाचं काही वाटत नाही, पण अंधूक दिसणारा माणूस त्याच्यावर आदळतो. म्हणून "एक दिव्यांग प्रतिनिधी" बोलावून काम भागत नाही. या लोकांचा वेळ फुकट गृहीत धरू नका. सल्लागार अभियंत्याला मानधन देता, तसं त्यांनाही द्या.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा प्रयोग अनेक ठिकाणी हौसेने केला जातो. तो करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. पट्टी बांधलेल्या माणसाला दहा मिनिटांत फक्त भीती कळते. वर्षानुवर्षं काठी वापरणारी व्यक्ती गाड्यांच्या आवाजावरून रस्त्याची दिशा ओळखते, भिंत संपली की बदलणाऱ्या आवाजावरून गल्ली आली हे जाणते. तिच्या अडचणी पट्टीखाली दिसत नाहीत, तिलाच विचाराव्या लागतात.

चालताना दोन गोष्टी पाळा. विचारल्याशिवाय कोणाची खुर्ची ढकलू नका. अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नका, तिला हवं असेल तर आपलं कोपर पुढे करा. तीच ते धरेल आणि अर्धं पाऊल मागे राहून चालेल. एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर, अशी ही वाट दोनदा चाला. रात्री वेगळ्याच अडचणी वर येतात.

टप्पा ३: मोजा, आणि फोटोसकट लिहून ठेवा

"फूटपाथ फार खराब आहे" या तक्रारीवर कोणी काम करत नाही. "अमुक खांबाजवळ मोकळी रुंदी ७० सेंटीमीटर आहे" यावर करावं लागतं.

सामान साधं लागतं: मोजपट्टी, खडू, मोबाइल, एक मीटर लांबीची सरळ फळी आणि गवंडी वापरतात ती पाणसळ. उतार मोजायची पद्धत सोपी आहे. फळी उताराच्या दिशेने ठेवा, वर पाणसळ ठेवा आणि फळीचं खालचं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला. त्या टोकाखाली जमिनीपर्यंत जितके सेंटीमीटर भरतील, तितके टक्के उतार. आठ सेंटीमीटरच्या किंचित वर भरले तर तो १:१२ चा उतार झाला. जगात बहुतेक ठिकाणी ही वरची मर्यादा मानतात. पाच सेंटीमीटर म्हणजे १:२०, आणि हा खरोखर आरामाचा.

हीच फळी फूटपाथवर आडवी टाकून बघा. पाणी वाहून जावं म्हणून फूटपाथला रस्त्याच्या बाजूला थोडा कल देतात. तो दोन टक्क्यांच्या आत हवा. त्याहून जास्त झाला की खुर्ची सतत रस्त्याकडे ओढली जाते आणि माणसाला एकच हात जास्त मारत राहावं लागतं. अर्ध्या किलोमीटरनंतर त्या खांद्याचं काय होतं ते तुमच्यासोबतच्या व्यक्तीलाच विचारा. चालणाऱ्याला हा कल दिसतही नाही, त्यामुळे तो कुठल्याच तक्रारीत येत नाही.

मग रुंदी. कुबड्या घेतलेल्या माणसाला साधारण ९० सेंटीमीटर लागतात. लांब काठी फिरवत चालणाऱ्याला किंवा मार्गदर्शक कुत्र्यासोबत चालणाऱ्याला ११० सेंटीमीटरच्या आसपास. दोन व्हीलचेअर समोरासमोरून जायच्या तर १८० सेंटीमीटर, आणि खुर्ची जागच्या जागी वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. या मापांचा अर्थ मोकळी रुंदी असा आहे. कागदावर फूटपाथ दोन मीटरचा असतो आणि त्यातला एक मीटर झाडाच्या आळ्याने, विजेच्या पेटीने आणि कचराकुंडीने खाल्लेला असतो. मोजायचा तो उरलेला मीटर.

कर्णबधिरांसाठी रुंदीचं काय काम, असं वाटू शकतं. खुणांच्या भाषेत बोलत चालणारी दोन माणसं आठवून बघा. दोघांना एकमेकांचे हात आणि चेहरा दिसावा लागतो, म्हणजे ती शेजारी शेजारी, थोडं अंतर ठेवून चालतात आणि नजर जमिनीवर नसते. अरुंद, ठेचकाळणाऱ्या फूटपाथवर त्यांना बोलणं थांबवावं लागतं. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात त्यांच्या दृष्टीने जागा कशा असाव्यात यावर बरंच काम झालं आहे आणि रुंद वाटा हा त्यातला ठळक मुद्दा आहे.

फरशीतल्या कडाही मोजा. सहा मिलिमीटरपर्यंतची उभी कड चालते. त्यावरची घासून तिरकी करायला हवी. पाण्याच्या जाळीतली फट तेरा मिलिमीटरपेक्षा मोठी नको आणि लांबट फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर खुर्चीचं छोटं चाक आणि काठीचं टोक थेट आत जातं.

प्रत्येक अडचणीचा फोटो काढताना मोजपट्टी चौकटीत दिसू द्या. नकाशावर क्रमांक घाला. इथवर आलात की तुमच्या हातात वाद घालता येणार नाही असा कागद असेल.

टप्पा ४: बांधकामाआधी वाट मोकळी करा

यादीतल्या बऱ्याच अडचणींना सिमेंट लागत नाही. वाकलेली फांदी छाटणं, चुकीच्या दिशेने बसवलेली जाळी फिरवणं, दुकानाची पाटी आत घेणं, उताराच्या तोंडाशी गाडी उभी करू न देणं ही आठवडाभरातली कामं आहेत. ती आधी करून घ्या. लोकांना फरक दिसतो आणि पुढच्या कामाला बळ मिळतं.

यात एका प्रकाराकडे जास्त लक्ष द्या: हवेत लटकणाऱ्या वस्तू. पांढरी काठी जमीन चाचपते. खांबाचा बुंधा तिला लागतो, पण त्याच खांबावर छातीच्या उंचीला बसवलेली पेटी लागत नाही. आमच्या पाहणीत काठी घेऊन चालणाऱ्या ताई एका फलकाजवळ आल्या. फलक दोन पायांवर उभा होता आणि काठी नेमकी त्या दोन पायांच्या मधून गेली. मी ओरडलो तेव्हा फलकाची पत्र्याची कड त्यांच्या कपाळापासून वीतभर होती. त्या शांतपणे म्हणाल्या की कपाळावरच्या जुन्या खुणा अशाच फलकांच्या आहेत.

याचं माप ठरलेलं आहे. जमिनीपासून साधारण ६८ सेंटीमीटर ते दोन मीटर या उंचीच्या पट्ट्यात कुठलीही वस्तू वाटेवर दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त पुढे येऊ नये. हलवता येत नसेल तर तिच्याखाली जमिनीलगत काठीला लागेल अशी पट्टी किंवा कुंडी बसवा. जिन्याखालची उघडी बाजू आणि खांबांना आधार देणाऱ्या तिरक्या तारा यांनाही हेच लागू होतं.

गाड्या चढू नयेत म्हणून फूटपाथच्या तोंडाशी खांब रोवले जातात. हेतू चांगला असतो, पण दोन खांबांत खुर्ची मावत नसेल तर ते खांब दिव्यांगांनाच अडवतात. मधे किमान ९० सेंटीमीटर आणि शक्यतो १२० सेंटीमीटर मोकळे ठेवा. खांब कमरेच्या उंचीचे असावेत आणि फरशीहून उठून दिसणाऱ्या रंगाचे. गुडघ्याएवढे, फरशीच्याच रंगाचे दगडी खांब आणि त्यांच्यात सोडलेल्या साखळ्या मला या सगळ्यात वाईट वाटतात.

टप्पा ५: उतार नीट बांधा

१९४०च्या दशकात अमेरिकेतल्या कालामाझू शहरात, युद्धात जखमी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी फूटपाथची कड कापून उतार केले गेले. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेतल्याच बर्कली शहरातल्या दिव्यांगांनी आपल्या शहरात उतारांचं जाळं मागून मिळवलं. म्हणजे ही कल्पना पाऊणशे वर्षांची जुनी आहे, तरी चुका त्याच होत राहतात.

हिशेब असा. फूटपाथ १५ सेंटीमीटर उंच असेल तर १:१२ ने उताराची लांबी १.८ मीटर येते. पुष्कळदा जागा नाही म्हणून तो एका मीटरमध्ये आटपतात आणि मग खुर्ची मागे उलटायची भीती असते. जागा कमी असेल तेव्हा उतार आखूड करू नका. फूटपाथच तेवढ्या भागात दोन्ही बाजूंनी हळूहळू खाली आणा, म्हणजे चालणारा सगळा प्रवाहच रस्त्याच्या पातळीला येईल. किंवा फूटपाथची उंचीच कमी करा.

उताराच्या वरच्या टोकाला किमान १.२ मीटर, जमल्यास दीड मीटर सपाट जागा हवी. ती नसली तर वर आलेला माणूस तिरक्या जागेवर खुर्ची वळवत बसतो. उताराची रुंदी १.२ मीटर तरी असावी.

चौकाच्या कोपऱ्यावर एकच उतार तिरका, थेट चौकाच्या मध्याकडे तोंड करून बांधायची सवय सोडा. दोन क्रॉसिंगना दोन वेगळे उतार द्या, प्रत्येकाचं तोंड आपापल्या क्रॉसिंगच्या सरळ रेषेत. अंध माणूस उताराच्या दिशेवरून पलीकडे कुठे जायचं ते ठरवतो. तिरका उतार त्याला वाहनांच्या मध्यात नेऊन सोडतो.

आता तो सांधा. उताराचं खालचं टोक आणि रस्त्याचं डांबर एकाच पातळीला हवं. ते बिघडतं त्याची कारणं मला तीन दिसली. उतार आणि रस्ता ही दोन वेगळ्या ठेकेदारांची कामं असतात आणि सांधा कोणाच्याच बिलात नसतो. दुसरं, रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की जुनी जुळलेली पातळी बदलते. तिसरं म्हणजे रस्त्याचा स्वतःचा कल उताराच्या नेमका उलट असतो. उतार खाली येतो, रस्ता लगेच वर चढतो आणि मधे खोलगट भाग तयार होतो. त्यात खुर्चीचे पाय ठेवायचे पट्टे टेकतात. रस्त्याचा हा उलटा चढ पाच टक्क्यांच्या आत ठेवा. पाणीही याच खोलगट जागी साचतं, म्हणून पाण्याची जाळी उताराच्या तोंडाशी न बसवता पाणी येतं त्या बाजूला, उताराच्या अलीकडे बसवा.

मला विचाराल तर गल्ल्यांच्या तोंडाशी उतार बांधूच नयेत. क्रॉसिंग फूटपाथच्या पातळीला उचलून घ्यावं. मग माणूस सपाट चालत जातो आणि चढ-उतार गाड्या करतात. सांध्याची कटकट संपते आणि गाड्यांचा वेग आपोआप उतरतो. गेटसमोरही हेच करा: फूटपाथ सलग, एकाच पातळीत राहू द्या आणि गाडीने त्यावर चढून जावं.

टप्पा ६: पायाला कळणाऱ्या फरशा

खुर्चीसाठी कड काढली की अंध माणसाची एक खूण जाते. फूटपाथ संपून रस्ता सुरू झाला, हे त्याला ती कडच सांगत होती. या पेचाचा तोडगा जपानमध्ये सापडला. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये उंचवटे असलेल्या फरशा तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. आज जगभर ज्या पिवळ्या फरशा दिसतात त्या तिथून आल्या.

यांची भाषा दोनच शब्दांची आहे. गोल टिकल्यांची फरशी म्हणजे थांब, पुढे धोका किंवा वळण आहे. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे या दिशेने चालत राहा. भाषा इतकी लहान असल्यामुळे एक चूकही अर्थ उलटा करते. पट्ट्या वाटेला आडव्या बसवलेल्या मी पाहिल्या आहेत. झाडाच्या बुंध्यावर जाऊन संपणारी रांगही पाहिली आहे, आणि मधे गोल झाकण आलं म्हणून तेवढा भाग कोरा सोडून पुढे चालू केलेली ओळही. सगळ्यात घातक म्हणजे शोभेसाठी फूटपाथभर टिकल्यांच्या फरशा. सगळीकडे "थांब" लिहिलं तर माणूस कुठे थांबणार?

म्हणून बसवताना हात आखडता ठेवा. उताराच्या खालच्या तोंडाशी, रस्त्यालगत, चालण्याच्या दिशेने सुमारे ६० सेंटीमीटर खोलीचा टिकल्यांचा पट्टा पूर्ण रुंदीभर टाका. पट्टा अरुंद असला तर एका पावलात ओलांडला जातो. उंचावलेल्या क्रॉसिंगला हा पट्टा हवाच हवा, कारण तिथे पातळीत फरकच नसतो. दिशा दाखवणारे पट्टे फक्त मोकळ्या चौकात, मैदानासारख्या जागेत किंवा भिंतीची साथ नसेल तिथे. जिथे सलग भिंत किंवा फूटपाथची कड आहे, तिथे काठी त्याच्याच आधाराने चालते. शिवाय टिकल्यांवरून खुर्ची चालवताना पाठीला हादरे बसतात आणि कुबड्या घसरू शकतात. ज्याला गरज नाही अशा ठिकाणी त्या टाकून दुसऱ्याची वाट कठीण करू नका. रंग बाजूच्या फरशीहून ठळक वेगळा हवा, कारण अंधूक दिसणारे बहुतेक लोक पायापेक्षा रंगाच्या फरकावर चालतात.

फूटपाथ आणि रस्ता एकाच पातळीत करून सगळ्यांनी जागा वाटून घ्यावी, ही रचना मधल्या काळात फार गाजली. वाहनचालक आणि चालणारे एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाट काढतील, असं तिचं गृहीतक. ज्याला डोळ्यांत बघता येत नाही त्याचं काय? ब्रिटनच्या सरकारने २०१८ मध्ये अशा नव्या योजना थांबवायला सांगितलं, अंध संघटनांच्या तक्रारींनंतर. तिथल्याच अभ्यासात ६० मिलिमीटर किंवा त्याहून उंच कड अंध व्यक्तींना खात्रीने ओळखता येते असं आढळलं होतं. जिथे क्रॉसिंग नाही तिथे कड ठेवा, हा त्यातून घ्यायचा धडा.

टप्पा ७: रस्ता ओलांडणं

सिग्नलच्या वेळेचा हिशेब स्वतः करून बघा. रस्ता १४ मीटर रुंद. सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरला तर १२ सेकंद पुरतात. पण काठी घेतलेला माणूस ०.८ मीटरने चालत असेल तर त्याला साडेसतरा सेकंद लागतात. म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा तो जवळजवळ साडेचार मीटर मागे, रस्त्यात असतो. अमेरिकेने २००९ मध्ये याच कारणाने गणिताचा वेग सेकंदाला ४ फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. सिंगापूरमध्ये ज्येष्ठ आणि दिव्यांग व्यक्ती आपलं कार्ड खांबावरच्या यंत्राला लावतात आणि हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद जास्त मिळतो. तुमच्या चौकात घड्याळ लावून, गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या व्यक्तीबरोबर ओलांडून बघा आणि तो आकडा लिहा.

सिग्नलला आवाज हवा, आणि तो दोन प्रकारचा. खांब कुठे आहे ते सांगणारी हळू, संथ टिकटिक आणि चालायची वेळ झाली की जलद टिकटिक. आजूबाजूच्या गोंगाटानुसार कमी-जास्त होणारा आवाज असेल तर रात्री शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. बटण साधारण एक मीटर उंचीवर, आणि खुर्चीतून हात पोचेल अशा सपाट जागेलगत. ब्रिटनमध्ये बटणाच्या डब्याखाली एक छोटा शंकू असतो. हिरवा दिवा लागला की तो फिरतो, बोट लावलं की कळतं. ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याला या शंकूवरून ओलांडायची वेळ कळते.

रुंद रस्त्यावर दुभाजकात थांबायची जागा द्या, किमान १.८ मीटर खोल, म्हणजे खुर्ची आणि तिला ढकलणारा दोघेही सुरक्षित मावतात. ती रस्त्याच्या पातळीतच कापलेली असावी आणि दोन्ही कडांना टिकल्यांचे पट्टे असावेत.

क्रॉसिंगच्या अलीकडे सहा मीटरपर्यंत गाडी उभी राहू देऊ नका. खुर्चीतल्या माणसाचं डोकं उभ्या गाडीच्या बॉनेटपेक्षा फारसं वर नसतं. चालकाला तो दिसत नाही आणि त्याला चालक दिसत नाही. कर्णबधिर व्यक्तीला तर फक्त नजरेवरच भिस्त ठेवायची असते. कोपऱ्याची गोलाई कमी केली की गाड्या वळताना वेग कमी करतात आणि ओलांडायचं अंतरही घटतं.

वेगाबद्दल थोडं सविस्तर, कारण बाकी सगळं बरोबर करूनही वेग राहिला तर रस्ता धोक्याचाच राहतो. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीत ३० ने येणाऱ्या गाडीच्या पावणेतीन पटींहून थोडी जास्त ऊर्जा असते. चालकाला भान यायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाला थांबायला सुमारे १३ मीटर लागतात आणि ५० ला जवळजवळ २८. पटकन बाजूला होणं ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी हे मधले पंधरा मीटर निर्णायक असतात. स्वीडनने १९९७ मध्ये रस्त्यावर एकही मृत्यू मान्य नाही, हे धोरण संसदेत स्वीकारलं. नॉर्वेच्या ओस्लोमध्ये २०१९ या वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर दगावला नाही. तिथे वेग उतरवला, शहराच्या मध्यातली वाहनतळं हटवली. नुसती ३० ची पाटी लावून वेग उतरत नाही. उंचावलेलं क्रॉसिंग, अरुंद मार्गिका आणि आवळलेले कोपरे तो उतरवतात.

विजेवर चालणाऱ्या गाड्या हळू असताना जवळजवळ आवाजच करत नाहीत. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत आवाज करणारं यंत्र सक्तीचं आहे. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर कानाच्या भरवशावर जाणाऱ्यांसाठी ही गरजेची गोष्ट आहे.

टप्पा ८: थांबा आणि बसायची जागा

थांब्यावरचा फूटपाथ बसच्या जमिनीच्या उंचीला जमेल तेवढा जवळ आणा. जर्मनीतल्या कासेल शहराच्या नावाने ओळखला जाणारा एक खास कडेचा दगड आहे. त्याच्या वक्र आकारामुळे टायर दगडाला घासतो तरी फाटत नाही, म्हणून चालक बस अगदी लगटून उभी करतो. बसमध्ये खुर्ची चढवायची फळी जिथे उतरते तिथे दीड मीटर मोकळी जागा ठेवा. थांब्याचा बाक, खांब आणि कचराकुंडी नेमकी तिथेच येणार नाही याची काळजी घ्या.

दर पन्नास मीटरवर बसायला जागा असावी. बाक ४५ ते ४८ सेंटीमीटर उंच, हातांना टेकू असलेला. टेकू नसला तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसता येतं, पण उठता येत नाही. बाकाशेजारी एका खुर्चीची सपाट जागा सोडली की सोबतीला आलेली दोघं शेजारी बसू शकतात.

टप्पा ९: खोदकामातही वाट चालू राहिली पाहिजे

वाट कितीही चांगली करा, एका खड्ड्याने ती महिनाभर बंद होते. खोदकामाच्या परवानगीतच अट घाला: पर्यायी वाट आधी, खोदकाम नंतर. पर्यायी वाटेलाही उतार हवा, रुंदी हवी. खड्ड्याभोवती नुसती रंगीत फीत बांधणं अंध व्यक्तीच्या दृष्टीने काहीच नसल्यासारखं आहे, काठी तिच्याखालून जाते. हलणार नाही असा कठडा लावा आणि त्याला जमिनीपासून वीसेक सेंटीमीटरच्या आत एक आडवी फळी द्या, म्हणजे काठी तिला लागेल. "पुढे वाट बंद" हा फलक खड्ड्यापाशी लावून उपयोग नाही. तो मागच्या उताराजवळ, जिथून परतता येतं तिथे लावा.

टप्पा १०: काम करून घेणं, तपासणं, राखणं

पाहणीच्या कागदाचे तीन भाग करा: लगेच होणारं, पुढच्या दुरुस्तीबरोबर होणारं, नव्या आराखड्याची गरज असलेलं. पत्र लिहिताना भावना एका वाक्यात मांडा आणि मग मापं. नमुना असा:

"अमुक चौकातील उत्तरेकडील उताराच्या पायथ्याशी २० मिमी उभी कड आहे. व्हीलचेअरची पुढची चाके तेथे अडतात व व्यक्तीस वाहत्या रस्त्यात थांबावे लागते. कड ६ मिमीच्या आत आणावी. सोबत फोटो क्रमांक ७ व नकाशा. काम पूर्ण झाल्यावर संयुक्त तपासणी व्हावी, ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नका. रस्त्यावर डांबर घालायचं ठरलं असेल तर त्याची तारीख काढा आणि पत्र त्याआधी पोचवा. तेव्हा सांधे जुळवणं स्वस्त पडतं, नंतर तोडून करावं लागतं. निविदेतच लिहून घ्या की उतार आणि रस्त्याचा सांधा ही एकाच ठेकेदाराची जबाबदारी राहील.

तपासणीच्या दिवशी बिलावर सही होण्याआधी व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला पुढे जाऊ द्या, अधिकारी आणि ठेकेदार मागून. कोणी हात लावायचा नाही. खुर्ची जिथे अडेल तिथे खडूने रेघ मारायची. मग काठीवाल्या व्यक्तीने उलट दिशेने यायचं.

पुढची पाहणी पहिल्या मोठ्या पावसानंतर करा, पाणी कुठे साचलं ते त्याच दिवशी दिसतं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी. सुटलेल्या टिकल्यांच्या फरशा, वाढलेल्या फांद्या, बंद पडलेला सिग्नलचा आवाज, नव्याने उभी राहिलेली पेटी हे जुन्याच नकाशावर वेगळ्या रंगाने नोंदवा. आणि डांबराचा नवा थर पडला की दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन सगळ्या उतारांच्या तोंडाशी पुन्हा एकदा जाऊन या.